रुमालाखालचा सौदा

(उदगीरला प्लॉट-फ्लॅटच्या एजंट मंडळींपुढं झालेलं भाषण, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. मागचे जरा पुढं या, पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवायची शाळेतली सवय काही आपली जात नाही. मला विषय दिलाय 'रेराचा परवाना कसा काढायचा आणि कसा टिकवायचा', रेरा म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, वेळ दिलाय चाळीस मिनिटं आणि त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ दिला, शाल दिली, आता मार्च महिन्यात उदगीरच्या माणसानं शाल घेऊन काय करावं हे मला कुणी सांगावं, पण असो, दिली तर घ्यायची.

आधी हात वर करा बघू, किती जणांकडं नंबर आहे? इंग्रजी ए अक्षरानं सुरू होणारा, महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा ऑफिसचा. ...चौदा, पंधरा. आणि धंदा किती जण करायलेत? बघा, आता सगळी खाली बघायलेत. काही हरकत नाही, मी पण कितीतरी वर्षं खाली बघूनच धंदा केला.

मुद्द्यावर यायच्या आधी एक गोष्ट सांगतो, पाच मिनिटांची आहे. माझे वडील दलाल होते. जमिनीचे नाही, बैलांचे. हाळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावची यात्रा, ह्या सगळ्या ठिकाणी आमच्या दादांचं बसणं ठरलेलं. दादांचा सौदा म्हणजे खांद्यावरचा रुमाल काढायचा, तो घेणाऱ्याच्या हातावर टाकायचा आणि रुमालाखाली बोटं दाबायची. किती बोटं दाबली, कोणतं दाबलं, आकडा त्या दोघांनाच कळायचा, बाजूला उभा असलेला माणूस नुसतं रुमाल हलताना बघायचा. मी लहान असताना मला वाटायचं दादा जादू करायलेत. मग तसाच दुसरा रुमाल विकणाऱ्याच्या हातावर. दोन्हीकडचे आकडे एकट्या दादांच्या डोक्यात, आणि मधला फरक कुठं जायचा हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही सगळी त्याच जातकुळीतली माणसं आहात.

(हशा.)

हसलात ना, तर आता पुढचं ऐका. एकदा दादांनी एक देवणी जोडी विकून दिली. गोरी देखणी, दात जुळलेले, चालीला झकास. घेणारा अहमदपूरकडचा. आठ-दहा दिवसांत कळलं की डाव्या बाजूचा बैल बसका आहे, म्हणजे औताला जुंपला की नांगराच्या चार रेघा झाल्या की रेघेतच बसतोय, मारा, शेपूट पिरगाळा, उठायचा नाही. तो माणूस पुढच्या बाजाराला बैल घेऊन सरळ दादांपुढं आला. विकणाऱ्याकडं नाही, दादांकडं. आणि दादांनी काय केलं, तर मला पाठवून चहा मागवला, विकणाऱ्याला निरोप धाडला, दुपारपर्यंत तिथंच बसवून घेतला, दोघांची भांडणं ऐकली, आणि शेवटी जोडी परत, पैसे परत, वर आपली दलाली परत. घरी येताना मी विचारलं, दादा तुम्ही कशाला दिलं, बैल काय तुमचा होता का? तर म्हणले, "बैल माझा नव्हता, पण पुढच्या बाजाराला मलाच इथं बसायचंय."

हे वाक्य लक्षात ठेवा, मला ह्याच्याकडं परत यायचंय, वेळ उरला तर.

आता माझं ऐका. मी बैल सोडून प्लॉटच्या धंद्यात आलो, कारण बैल कमी झाले आणि प्लॉट वाढले, सरळ हिशोब आहे. 2011 साल असंल. एक साहेब आले, पांढरी गाडी, पांढरे बूट सुद्धा. वीस गुंठे जमीन, त्यात सत्तावीस प्लॉट पाडलेले, वीस बाय तीसचे, चुना मारून. दर अडीचशे रुपये फूट. मला म्हणले प्रत्येक प्लॉटमागं दोन टक्के. काय कागद? काही नाही, पानटपरीवर हातावर हात. मी त्यातले अकरा प्लॉट विकले. कुणाला? आपल्याच माणसांना. मेव्हण्याचा साडू, दूधवाला, आणि एक रिटायर्ड गुरुजी, ज्यांनी मला चौथीत शिकवलेलं. सगळ्यांची इसारपावती शंभरच्या बॉन्डवर, खाली नोटरीचा लाल शिक्का, आणि आपल्याकडं लाल शिक्का दिसला की माणसाला वाटतं रजिस्ट्री झाली.

पुढचं तुम्हाला कळलंच असंल. जमीन निघाली इनामाची. मराठवाड्यात हे काय नवीन नाही, निजामाच्या काळातली इनामं, मदतमाश म्हणजे पोटापाण्यासाठी दिलेली जमीन, देवस्थान, वक्फ, कूळ, ह्याचा गुंता सातबाऱ्यावर वरवर बघून कळत नाही, जुने फेरफार काढावे लागतात, आणि ते कुणी काढायचे? मी? मी तर चुन्याच्या रेघा बघून विकत होतो. एन.ए. म्हणजे बिगरशेती नाही, परवानगी नाही, खरेदीखत होईना. साहेबांचा फोन बंद. माझे दोन टक्के तर सोडाच, पण लोक कुणाच्या दारात आले? माझ्या.

मेव्हण्याचा साडू भांडला, दूधवाल्यानं दूध बंद केलं, ते ठीक आहे. पण गुरुजी. गुरुजी दर रविवारी सकाळी यायचे, ओसरीवर बसायचे, आमची ही चहा द्यायची, गुरुजी चहा प्यायचे, पेपर वाचायचे आणि जायचे. पैशाचा शब्द काढायचे नाहीत. मंडळी, शिव्या परवडतात. मी दुसरं बोलायला लागलो की ते मान डोलवायचे. साठ हजार इसार होता त्यांचा. तीन वर्षं लागली, तुकड्या-तुकड्यानं मी तो दिला, बायकोची एक पाटली गेली त्यात, ती अजून मधून मधून आठवण काढती. शेवटचे पाच हजार दिले त्या रविवारी गुरुजींनी पहिल्यांदा चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. म्हणजे तीन वर्षं तसाच पीत होते!

हे सगळं आज झालं असतं तर काय झालं असतं? रेरात पाचशे चौरस मीटरच्या वरची जमीन किंवा आठच्या वर घरं असली की प्रोजेक्टची नोंदणी लागती. पाचशे मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे, आमचे होते वीस. म्हणजे त्या साहेबाला आधी नोंदणी करावी लागली असती, जमिनीचा कागद, मंजूर नकाशा वेबसाईटवर टाकावा लागला असता, आणि मी तिथं बघितलं असतं, किंवा बघितलं नसतं तर गुरुजींनी नातवाच्या मोबाईलवर बघितलं असतं.

ते समोरचे आयोजक हातानं खूण करायलेत, पंधरा मिनिटं राहिली म्हणून. बरं. आता परवाना.

2016 चा कायदा, आपल्याकडं 2017 च्या 1 मेपासून पूर्ण लागू. कलम 9 म्हणतं नोंदणीशिवाय एजंटनं नोंदणीकृत प्रोजेक्टमधला प्लॉट-फ्लॅट विकून द्यायचा नाही. कलम 10 म्हणतं नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टला हातच लावायचा नाही, हिशोबाची वही ठेवायची, खोटं सांगायचं नाही, गिऱ्हाइकाला सगळी कागदपत्रं मिळवून द्यायची. हे मोडलं तर दिवसाला 10,000 दंड, वाढत वाढत त्या प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. तुम्ही दोन टक्के कमवायला गेलेला माणूस, पाच टक्के देऊन येताल.

आता एक महत्त्वाचं, उदगीरला खास. आपली बरीच पोरं हैदराबादचे फ्लॅट विकायलेत, बीदरचे प्लॉट विकायलेत. महारेराचा नंबर महाराष्ट्रापुरता. तेलंगणाचं रेरा वेगळं, कर्नाटकाचं वेगळं, तिथलं विकायचं तर तिथली नोंदणी. उदगीरहून बीदर जवळ आहे म्हणून कायदा काही जवळ येत नाही.

परीक्षा. 10 जानेवारी 2023 ला महारेराचा आदेश निघाला की एजंटला वीस तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. जुन्यांना पण. मी सत्तावन्न वर्षांचा, हॉलतिकीट घेऊन सेंटरवर गेलो तर गेटवरचा पोरगा म्हणतोय, काका पालकांनी बाहेर थांबायचंय. म्हणलं बाबा, पालक पण मीच आणि पाल्य पण मीच! कॉम्प्युटरवर परीक्षा, पर्यायातून निवडायचं. माउस धरायची भीती वाटती तेवढीच, बाकी अभ्यास केला तर अवघड नाही, रोजच्या धंद्यातलंच विचारतात. पण टाळलं त्यांचं काय झालं? मुदत वाढवत वाढवत 1 जानेवारी 2024 पर्यंत आणली, तरी ज्यांनी सर्टिफिकेट टाकलं नाही अशा वीसेक हजार एजंटांची नोंदणी त्याच साली वर्षासाठी स्थगित झाली. 'बघू, पुढची तारीख येईल' म्हणणारे आपलेच भाऊ असणार त्यात.

कागदं, पटपट सांगतो, लिहून घ्या. पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, इन्कमटॅक्स रिटर्न, मागच्या पाच वर्षांत कुणाचे प्रोजेक्ट विकले त्याची माहिती, कोर्टात केस असली तर ती, आणि गंमत म्हणजे तुमचं लेटरहेड, रबरी शिक्का आणि पावतीपुस्तक ह्याचे नमुने. म्हणजे पावती देणं हे त्यांनी गृहीतच धरलंय, बघा, आणि आपल्यातले निम्मे पावती म्हणलं की दवाखान्याची समजतात. फी एकट्या माणसाला 10,000, फर्म किंवा कंपनी असली तर 1,00,000. मुदत पाच वर्षं, संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज. मोबाईलमध्ये तारीख टाकून ठेवा, लग्नाच्या वाढदिवसाच्या बाजूला टाका, दोन्ही विसरता येणार नाहीत.

टिकवायचं म्हणजे, सर्टिफिकेट ऑफिसात दिसेल असं लावायचं. नंबर बोर्डावर, कार्डावर, व्हॉट्सअपच्या जाहिरातीत सुद्धा. प्रोजेक्टच्या जाहिरातीवर 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड लागतो, तो नसलेलं पोस्टर बिल्डरनं पाठवलं तर पुढं ढकलू नका, त्यालाच परत पाठवा. गिऱ्हाइकाला सांगा की रजिस्टर करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. पत्ता बदलला, फोन बदलला, तिकडं कळवायचं. कुणाला खोटं सांगून किंवा फसवून विकलं हे सिद्ध झालं तर नोंदणी रद्द, तुमचं म्हणणं ऐकून घेतात, पण रद्द होती.

आणि वही. कोण आलं, कोणता प्लॉट दाखवला, काय सांगितलं, किती घेतले, तारखेसह. ह्याच्यावर खरं तर मला अर्धा तास बोलायचं होतं, पण दुसरी चिठ्ठी आली. तर एवढंच, की दादांच्या डोक्यात दोन्हीकडचा आकडा असायचा आणि ते चालून जायचं कारण ते पुढच्या बाजाराला त्याच झाडाखाली सापडायचे. पांढऱ्या बुटाचे साहेब सापडले नाहीत. आता सगळ्यांचे फोन बदलतात, ऑफिसं बदलतात, झाडं तर राहिलीच नाहीत, म्हणून सरकारनं तुम्हाला ते झाड नंबरच्या रूपात दिलंय असं मी समजतो. मी रेराकडं असंच बघतो, कुणी वकील इथं असतील तर ते वेगळं सांगतील.

गावातली शेतजमीन, जुन्या घराची फेरविक्री हे सगळं ह्यात कुठं बसतं हा प्रश्न येणार, मला माहीत आहे, रेरा मुख्यतः बिल्डरच्या प्रोजेक्टबद्दल आहे, पण त्याचं जेवताना बोलू, कारण पिठलं थंड व्हायलंय. ज्यांना अर्ज भरायचाय त्यांनी जेवण झालं की माझ्याकडं या, लॅपटॉप आणलाय. पॅन, आधार बरोबर असू द्या. शिक्का नसंल तर बाहेर चौकात बनवून मिळतो, फक्त नावाचं स्पेलिंग पॅनकार्डावर आहे तसंच ठेवायला सांगा, माझा पहिला शिक्का त्यापायीच फेकावा लागला.