झाकलेली गाडी

(दृश्य : पहाटेचा अंधार. शटर वर सरकण्याचा आवाज.)

जळगाव. रविवार, पहाटेचे सव्वापाच. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडचं शटर अर्धंच वर जातं. पूर्ण उघडलं की करकरतं आणि शेजारी जागे होतात. आत कापडी कव्हराखाली काहीतरी लांबलचक पसरलंय. डॉक्टर कव्हर ओढून काढत नाहीत, घडी घालत घालत मागे नेतात. खालून निघते लाल मस्टँग, फोर्डची अमेरिकन स्पोर्ट्स कार.

या डॉक्टरांचं नाव आम्ही सांगणार नाही. चेहराही दिसणार नाही. नंबर प्लेटवरचं ‘एमएच 19’ तेवढं दिसेल. अट त्यांचीच. “गावात कळलं, तर सोमवारी ओपीडीत बिलावरून घासाघीस सुरू,” ते म्हणतात. हाडांचे डॉक्टर आहेत. दवाखान्यात जायला एक जुनी वॅगनआर आहे, तिच्या स्टिअरिंगवर प्लास्टरचे पांढरे डाग वाळलेत. ती सगळ्या गावाला ओळखीची.

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, पुढे एमएसची तीन, मग दवाखान्याचं कर्ज, मशीनचं कर्ज. होस्टेलच्या भिंतीवर चिकटवलेलं चित्र शेडमध्ये यायला पन्नाशी गाठावी लागली. तीही गाडी पुण्याहून, दुसऱ्या हाताची. मस्टँग पहिल्यांदा निघाली 1964 मध्ये, पण उजव्या हाताचं स्टिअरिंग कारखान्यातूनच लावून यायला तिला पन्नास वर्षं लागली. भारतात ती अधिकृतपणे आली 2016 मध्ये. पाच लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, चारशेच्या आसपास अश्वशक्ती.

(दृश्य : इंजिन सुरू होतं. शेडचा पत्रा थरथरतो.)

डॉक्टर आणि दोन माणसांची गाडी, हे नातं मात्र आजचं नाही. हौसेतून तर मुळीच जुळलेलं नाही. 1909 मध्ये जर्मनीत ओपेल कंपनीनं एक छोटी, स्वस्त गाडी काढली. तिचं नावच पडलं ‘डॉक्टरवागन’, म्हणजे डॉक्टरची गाडी. किंमत 3,950 मार्क. रात्रीअपरात्री व्हिजिटला जायचं, तर घोडा जुंपण्यात वेळ जायचा. डॉक्टर एकटा, सोबत बॅग, मग मागची सीट हवी कशाला? अमेरिकेतही बंद टपाच्या दोन सीटच्या गाडीला लोक ‘डॉक्टर्स कूपे’ म्हणत. आज जी चैन वाटते, ती तेव्हा डॉक्टरच्या गरजेची गाडी होती.

आपल्याकडे ही गरज जीप, राजदूत आणि फियाटनं भागवली. काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर पावसाळ्यात कसली कूपे जाणार? तिथे बैलगाडीच आडवी होते.

शर्यतीच्या जगात एक डॉक्टर मात्र खरोखर वेगवान गाडीत बसला, तो रुग्णासाठी. सिड वॉटकिन्स, लंडनचे मेंदूचे शल्यविशारद. 1978 मध्ये इटलीतल्या मोन्झाला शर्यतपटू रॉनी पीटरसनचा अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर वॉटकिन्स यांनी आग्रह धरला, की पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे. फॉर्म्युला वनमध्ये ती आजही धावते.

आमच्या डॉक्टरांना हा किस्सा तोंडपाठ आहे. त्यांच्या वॉर्डात हायवेवरची पोरं रोज येतात. मांडी मोडलेली, गुडघा फुटलेला, हेल्मेट घरी. त्यामुळे ही मस्टँग आम्ही शंभरच्या वर गेलेली पाहिली नाही. चारशे घोडे आणि चाल बैलाची, असं आमचा कॅमेरामन पुटपुटला. डॉक्टर हसले. “मला पळवायची कुठंय? ऐकायची आहे.”

(दृश्य : एरंडोल मागे पडतं. दोन्ही बाजूंना कापूस, मध्येच केळीची हिरवी भिंत.)

शेजारच्या सीटवर मॅडम. त्या भूलतज्ज्ञ. मांडीवर थर्मास आणि दोन फोन. उन्हाळ्यात ही फेरी बंदच असते. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, काळ्या चामड्याच्या सीटवर टेकायची सोय नाही.

पारोळ्याच्या अलीकडे चहासाठी गाडी आतल्या रस्त्याला वळली आणि समोर आला गतिरोधक. नियमाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे चाक अलगद चढून उतरतं. हा होता गावकऱ्यांनी रातोरात घातलेला, डांबराचा, शेताच्या बांधासारखा. मस्टँगचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही.

मॅडम उतरल्या. वजन कमी झालं म्हणून नव्हे, खाली वाकून बघायला. गाडी तिरकी घातली. एक चाक चढलं. खर्रर्र. पुन्हा मागे. मागे दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबली, मग ट्रॅक्टर, मग शाळकरी पोरं. “ॲव्हरेज कितलं देस?” पहिला प्रश्न आलाच.

दूधवाल्यानं स्टँड लावला आणि पुढे आला. डावा पाय किंचित ओढत. वाकला, हातानं खुणा करू लागला. येऊ द्या, येऊ द्या, थोडं उजवीकडे, बस्स. पाच मिनिटांत गाडी पलीकडे. तो धोतराला हात पुसत काचेशी आला आणि एकदम थबकला. दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी त्याच्या नडगीत प्लेट बसवली होती.

“डॉक्टरसाहेब! तुमनी शे का?”

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी थर्मासकडे.

“नाही भाऊ,” डॉक्टर म्हणाले, “मित्राची आहे. पाय कसा आहे?”