बाई आली, बाई आल्या

'बाई आली' आणि 'बाई आल्या'. पहिलं वाक्य कानावर पडलं की घरातली खरकटी भांडी मोरीकडे सरकतात. दुसरं पडलं की वर्गातली मुलं उठून उभी राहतात. 'बाई' दोन्हीकडे तीच आहे. मोलकरीण की शिक्षिका, हे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराने ठरवलं. संबोधनांचा विषय निघाला की लोक शब्दांवर भांडतात: अमक्याला काका म्हणावं का, तमकीला मॅडम म्हणावं का. मराठीत निम्मा मान-अपमान त्या शब्दाच्या बाहेरच होऊन जातो.

मराठी हाक चार ठिकाणी बांधलेली असते. नाव किंवा नात्याचा शब्द ही पहिली जागा. त्याला लागलेलं शेपूट ही दुसरी. अरे, अगं, अहो ही तिसरी. आणि चौथी तू-तुम्ही व त्यामागून येणारं क्रियापद. चारही एका सुरात असली तर हाक कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यातली एक जरी हलली, तरी ऐकणारा सुखावतो किंवा दुखावतो. 'अहो मध्या' म्हणून पाहा, किंवा 'ए मधुकरराव'. दोन्हींत काहीतरी शिजतंय हे लगेच कळतं.

आधी शेपटांबद्दल, कारण लाडाची नावं तिथेच तयार होतात. रीत बऱ्यापैकी ठरलेली आहे. नावाचं पहिलं एखाद-दुसरं अक्षर ठेवायचं, जोडाक्षर असेल तर ते सोडवायचं, बाकीचं टाकून द्यायचं आणि उरलेल्याला प्रत्यय लावायचा. प्रकाशमधला 'र' गळतो आणि पक्या होतो. प्रमिलेची पमी होते. गणेशचा गण्या, दिलीपचा दिल्या, संतोषचा संत्या. वसंत, अनंत, यशवंत ही नावं मात्र सहसा अख्खी राहतात आणि नुसता 'आ' घेतात: वसंता, अनंता, यशवंता. मुकुंदचाही मुकुंदाच होतो. 'मुक्या' करायला कुणी धजत नाही, कारण तो शब्द आधीच दुसऱ्या कामावर आहे.

मुलींच्या नावांना 'ई' लागते आणि हाक मारताना तिचा 'ए' होतो. सुमन, सुमी, 'सुमे, इकडे ये'. यमुना, यमी, 'यमे'. आकारान्त नाव न तोडताही 'ए' लागतो: शांते, सुनीते. आज शहरात कुणी 'सुनीते' अशी हाक मारली, तर ती घरातली थोरली बाई तरी असते किंवा थट्टा करणारी मैत्रीण तरी. तिसऱ्या कुणाच्या तोंडी ते शोभत नाही.

आता '-या' लोकांना का टोचतो ते पाहू. टकला, लंगडा, आंधळा यांना हाक मारायची झाली तर टकल्या, लंगड्या, आंधळ्या होतं. व्यंगावरून हाक मारण्याचा आणि लाडाने हाक मारण्याचा साचा एकच निघाला. म्हणून 'मध्या' मित्राच्या तोंडी गोड लागतो, पण तोच साहेबाच्या तोंडी आला की मधुकरला आपल्या अंगावर एखादं व्यंग चिकटवल्यासारखं वाटतं. पोलिसांच्या पत्रकात आरोपीच्या नावापुढे 'ऊर्फ' येतं आणि मग हमखास '-या'वालं नाव येतं. त्यानेही या प्रत्ययाची पत आणखी उतरली. '-ऊ'ला ही धार नाही. मधू, सदू, चंदू, नंदू, शकू. तो स्त्री-पुरुष भेद करत नाही, हाक मारताना बदलत नाही आणि सत्तरीतल्या माणसालाही चालतो. मधूकाका असतो. मध्याकाका हा शब्द घडतच नाही.

लाडाची आणखी एक युक्ती म्हणजे माणसाला नपुंसकलिंगी करणं. बाळ, लेकरू, पिल्लू, छकुलं. 'आलं गं माझं सोनं' म्हणताना मुलगा की मुलगी हा प्रश्नच पुसला जातो. गोव्याच्या कोंकणीत तर तरुण मुलीला 'तें' म्हणणं हा रोजचा व्यवहार आहे. घाटावरच्या माणसाला पहिल्यांदा ते खटकतं, कारण आपल्याकडे मोठ्या माणसाला नपुंसकात घातलं की बहुधा 'ते कारटं' असाच सूर निघतो. कारटं हाही लाडाचा शब्द आहेच म्हणा. जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणते आणि पुढे 'कारट्या'ही म्हणते. तिला तो हक्क आहे हे सातशे वर्षं सगळ्यांना मान्य आहे. त्याच विठ्ठलाला शासकीय पूजेच्या वेळी कुणी 'विठ्या' म्हणालं तर काय होईल, ते सांगायला नको.

मूळ नाव आणि शेपूट यांची ओढाताण दोन ठळक माणसांत दिसते. लोकमान्य टिळकांचं नाव केशव. घरात 'बाळ' म्हणत, आणि ते लाडाचं नाव कागदोपत्री नावालाच गिळून बसलं. देशभर ते बाळ गंगाधर म्हणून ओळखले गेले. विनायक नरहर भावे हे आईचे 'विन्या'. गांधीजींनी त्यांना 'विनोबा' केलं. ज्ञानोबा, तुकोबा यांच्या रांगेतलं ते 'बा'. धाकटे बंधू बाळकृष्ण असेच बाळकोबा झाले. विन्या आणि विनोबा यांत मूळ एकच, 'विन'. एक शेपूट मांडीवर बसवतं, दुसरं पाया पडायला लावतं.

वर चढवणारी शेपटं आता थोडीच उरली आहेत. 'पंत' जवळजवळ गेला. 'राव' लग्नाच्या मांडवात जिवंत आहे. सव्वीस वर्षांचा मुलगा ज्या दिवशी जावई होतो, त्या दिवसापासून सासुरवाडीला तो राव. पण हा राव दिनकर, मधुकर, विश्वास अशा नावांनाच नीट बसतो. नव्या नावांना तो लावायला गेलं की 'अर्णवराव' असं काहीतरी होतं आणि सासऱ्यांनाच हसू येतं. त्यामुळे आजच्या सासवा 'जावईबापू'कडे वळल्या आहेत किंवा नुसतं नाव घेऊन 'तुम्ही'ने वेळ भागवतात.

बायकांच्या बाजूला 'बाई' घसरली आणि 'ताई' चढली. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई या नावांत 'बाई' हा मानाचा प्रत्यय आहे. आज नव्या ओळखीच्या स्त्रीला 'सुनीताबाई' म्हटलं तर ती स्वतःला दहा वर्षांनी म्हातारी समजते. राजकारणापासून अंगणवाडीपर्यंत मानाची जागा 'ताई'ने घेतली आहे. 'बाई' आता शाळेत मानाची उरली आहे, आणि तीही मराठी शाळेत.

खरी गुंतागुंत तू-तुम्हीची. आईला आपण 'तू' म्हणतो, देवालाही 'तू'. वडिलांना कित्येक घरांत 'तुम्ही'. म्हणून एकाच दारातून आत येताना 'आई आली' पण 'बाबा आले', 'आजी आली' पण 'आजोबा आले'. व्याकरणात हा भेद कुणी शिकवत नाही. मूल तो पाळण्यातच उचलतं. लग्नानंतर मुलीला दोन 'आई' सांभाळाव्या लागतात. एक 'अगं आई', दुसरी 'अहो आई'. फोनवर तिचा पहिला शब्द ऐकला की पलीकडे कोण आहे ते घरच्यांना कळतं. 'अहो आई' ही तडजोड मला हुशारीची वाटते. नातं आईचं दिलं, अंतर 'अहो'ने राखलं. सासूने 'मला तू म्हण' असं सांगितलं तरी बहुतेक सुनांची जीभ वळत नाही, आणि त्यात उद्धटपणा शोधू नये.

नवरा-बायकोत एकेकाळी नाव घेणंच वर्ज्य होतं. म्हणून उखाण्याला 'नाव घेणं' म्हणतात. तेवढ्यापुरती परवानगी. एरवी 'अहो', किंवा काही घरांत 'इकडून कधी येणं झालं?' अशी वाक्यं. त्या वाक्याची घडण नीट पाहा. त्यात कर्ता नाही, तू नाही, तुम्ही नाही. क्रियापदाचं नाम केलं आणि माणूस गाळला. ही युक्ती मोडीत निघालेली नाही, तिच्याकडे परत येऊ.

भांडणात लोक 'एकेरीवर' येतात. हा शब्दच सांगतो की आपण तू-तुम्ही पायऱ्यांसारखे मोजतो. शिवी देण्याआधी सर्वनाम घसरतं, आणि पुढे पोलीस चौकीतही तक्रार शिवीआधी 'मला अरे-तुरे केलं' अशी सुरू होते. उलट दिशाही तितकीच बोचरी. रोज 'अरे' म्हणणारी बायको एका संध्याकाळी 'तुम्ही बोलूच नका' म्हणाली, तर तो मान नसतो.

सार्वजनिक जीवनात एकेरी उल्लेखावरून वादळ उठतं ते याच कारणाने. मुंबईच्या व्हीटी स्थानकाला 1996 साली छत्रपती शिवाजी टर्मिनस नाव मिळालं आणि 2017 साली त्यात 'महाराज' घालावं लागलं. विमानतळाच्या नावात ते 2018 साली आलं. आणि तरीही 'शिवबा' म्हणायला कुणाची हरकत नसते. उघडं नाव एकेरी वाटतं. 'बा' लागला की तेच नाव घरातलं होतं.

अनोळखी माणसाला नात्यात ओढण्याची आपली सवय सोयीची आहे, पण तिच्यात दोन खड्डे आहेत. पहिला वयाचा. चाळिशीच्या माणसाला पहिल्यांदा 'काका' ऐकू येतं तेव्हा तो आजूबाजूला बघतो. अंदाज चुकणारच असेल तर एक पिढी खाली चुकवावा: दादा, ताई, आणि क्रियापद 'तुम्ही'चं. दुसरा खड्डा कुणी बोलून दाखवत नाही. शहरात भाजीवाली, कामवाली, दवाखान्यातली आया या 'मावशी' असतात आणि शेजारच्या सोसायटीतल्या 'काकू'. दोघी वयाने सारख्याच. हवालदार आणि एसटीचे कंडक्टर 'मामा', बँकेतला अधिकारी मात्र 'सर'. आईकडची नाती खालच्या मजल्यावर गेली. प्रेमाने म्हटलेल्या 'मावशी'वर कुणी बाई तुटकपणे 'मी तुमची मावशी नाही' म्हणते, तेव्हा ती याच जिन्याकडे बोट दाखवत असते.

काउंटरवर हल्ली 'आपण' ऐकू येतो. हिंदीतल्या 'आप'च्या धर्तीवर तो फार सभ्य वाटतो, पण मराठीत 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी मिळूनही होतं. 'आपण हा फॉर्म भरून द्यायचा' असं ऐकल्यावर कारकूनही भरू लागणार आहे का, हा प्रश्न रास्त आहे. 'तुम्ही' पुरेसा सभ्य आहे.

प्रांताप्रमाणे कान बदलतात. नागपुरात मित्रामित्रांत 'काय बे' चालतं, पुण्यात तेच भांडणाचं आमंत्रण वाटतं. कोल्हापूरचा 'भावा', खानदेशचा 'भो', मालवणी 'गो' हे सगळे जवळिकीचे. मालवणात 'मेल्या' हासुद्धा मायेचा असू शकतो. नवख्याने हे शब्द ऐकावेत, वापरू नयेत. लाडाचा शब्द उसना घेतला की नक्कल वाटते.

रुग्णालयातल्या आणि वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सरसकट 'आजी, तोंड उघडा', 'आजोबा, कुशीवर वळा' यात माया असते, पण खाटेवरच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला चाळीस वर्षं 'बाई' ऐकायची सवय असते. दाखल करतानाच एक प्रश्न विचारावा: तुम्हाला काय म्हणून हाक मारू? उत्तर केसपेपरवर वरच लिहावं, म्हणजे रात्रपाळीलाही ते कळेल. स्मृतिभ्रंश झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत माहेरचं नावही विचारून ठेवावं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नाव आधार कार्डावर असतं, पण अलीकडच्या आठवणी गळायला लागल्या की ते नाव आधी जाऊ शकतं. मंगला म्हणून ओ न देणारी बाई 'यमे' म्हटल्यावर मान वळवते. फक्त ते नाव वापरायचं की नाही हे घरच्यांना विचारून ठरवावं.

आता ती मघाची युक्ती. समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही हे ठरत नसेल, तर माणूस गाळता येतो. 'चहा घ्यायचा?', 'निघायचं का?', 'कधी येणं झालं?', 'मुलं काय करतात?' अशा वाक्यांवर दहा-पंधरा मिनिटं सहज निघतात. शाळासोबती चाळीस वर्षांनी भेटतात तेव्हा हेच ऐकू येतं. एक शेती करतो, एक न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेला असतो. 'प्रवास कसा झाला?', 'कुठे उतरणं झालं?' दोघेही तू आणि तुम्हीच्या कडेकडेने चालत असतात. मग जेवणाच्या पंगतीत पलीकडून कुणीतरी ओरडतं, 'मध्या, लेका, मीठ सरकव इकडे', आणि न्यायमूर्ती मीठ सरकवतात.