निरोप, जुन्याच पत्त्यावरून

[फोनचा पडदा. एकामागून एक मेसेज. टिंग. टिंग.]

जानेवारी २०२१. संक्रांत तोंडावर आलेली. आमच्या घरच्या ग्रुपवर तिळगुळाच्या फोटोंच्या मध्येच एक मेसेज येऊन पडला. व्हॉट्सॲप आता तुमचं सगळं बोलणं वाचणार, आठ फेब्रुवारीच्या आत ॲप काढून टाका, आणि हा मेसेज निदान दहा ग्रुपवर पाठवा.

पाठवा म्हणजे कुठून? व्हॉट्सॲपवरूनच.

तेव्हा यात काही चमत्कारिक आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. मी तो तीन ग्रुपवर पाठवला.

[वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सकाळची वेळ.]

झालं होतं असं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपनं नवं गोपनीयता धोरण पुढे केलं. मान्य करा, नाहीतर आठ फेब्रुवारीनंतर खातं चालणार नाही. घरातल्या गप्पांना कुलूप आधीसारखंच राहणार होतं. बदल मुख्यतः दुकानदार आणि कंपन्यांशी होणाऱ्या बोलण्यापुरता होता. पण ‘मान्य करा नाहीतर चालते व्हा’ हा सूर लोकांना झोंबला. सात जानेवारीला इलॉन मस्क यांनी दोन शब्दांचं ट्वीट केलं, ‘यूज सिग्नल’, आणि सिग्नल या निरोपाच्या दुसऱ्या ॲपच्या दारात अशी रांग लागली की नोंदणीचे कोड वेळेवर पोचेनात. पंधरा तारखेला तर सिग्नल बंदच पडलं, जवळजवळ दिवसभर. टेलिग्राम या तसल्याच आणखी एका ॲपनं सांगितलं, ७२ तासांत अडीच कोटी नवी माणसं आली.

तिकडे व्हॉट्सॲपनं काय केलं? भारतातल्या वर्तमानपत्रांत पहिलं अख्खं पान विकत घेऊन जाहिरात दिली. निरोप पोचवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचा निरोप त्या दिवशी पेपरवाल्या पोऱ्यानं दारात टाकला. पुढे मुदतही वाढली, १५ मेपर्यंत.

आमच्याकडेही बिऱ्हाड हललं. चुलतभावानं नव्या ॲपवर नवा ग्रुप काढला. जुन्यात आम्ही तेवीस. नव्यात आले अकरा. पहिले दोन दिवस नव्या घराची वास्तुशांत असावी तसं सुरू होतं. जो तो येऊन ‘छान आहे, हलकं आहे’ म्हणून जायचा. मोठी आत्या मात्र आली नाही. फोन केला तर म्हणाली, ‘‘अरे, मला एकच जमतं.’’

आता आमच्या घरात आत्याला न सांगता काही होत नाही. भाचीच्या साखरपुड्याची तारीख ठरली, ती दोन्हीकडे टाकली. हॉलचा पत्ताही दोन्हीकडे. जेवणात पुरणपोळी की श्रीखंड, हा वाद मात्र एकाच ठिकाणी झाला. जिथे आत्या होती तिथे.

[सोसायटीचा फलक. शाळेचं फाटक. शिंप्याचं दुकान.]

त्या दिवसांत भारतात व्हॉट्सॲप वापरणारे चाळीस कोटींच्या वर होते. त्यातल्या कितीतरी जणांनी दुसरं ॲप घेतलं. पण जुनं काढून नाही, त्याच्या शेजारी ठेवून. कारण सोसायटीत पाणी येणार नाही हे तिथे कळायचं, मुलांचा गृहपाठ तिथे यायचा, शिंपी ब्लाउजच्या गळ्याचा फोटो तिथेच मागायचा. आपण म्हणतो, मी अमुक वापरतो. खरं म्हणजे आपल्याशी ज्यांचं काम असतं ते काय वापरतात, ते आपण वापरतो.

आणि गंमत पाहा. त्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, सरकारनं कोविड लशीचं प्रमाणपत्र घरबसल्या मिळवायची सोय केली. कशावर? व्हॉट्सॲपवर. आणि ही सोय झाल्याची बातमी आरोग्यमंत्र्यांच्या कार्यालयानं दिली ट्विटरवर.

ट्विटरवर. हे लक्षात ठेवा.

[पिवळा पक्षी, निळा पक्षी. समोरासमोर.]

कारण अवघ्या सहा महिन्यांपूर्वी याच सरकारातली मंडळी ट्विटर सोडून निघाल्याची हवा होती. शेतकरी आंदोलन सुरू होतं. काही खाती बंद करा असं सरकारनं ट्विटरला सांगितलं होतं, ट्विटर सगळी बंद करायला तयार नव्हतं. तेव्हा बंगळुरूचं ‘कू’ हे ट्विटरसारखंच ॲप पुढे आलं. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिडावतका या दोघांनी काढलेलं, पिवळ्या पक्ष्याचं, कन्नडपासून मराठीपर्यंत आपल्या भाषांत लिहिता येईल असं. आदल्याच वर्षी त्याला आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत बक्षीस मिळालेलं. ९ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केलं की मी आता कूवर आहे, तिथे मला भेटा.

जाहीर कुठे केलं? ट्विटरवर.

दुसऱ्या दिवशी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं ट्विटरला जे सुनवायचं होतं ते कूवर लिहिलं. म्हणजे ट्विटरशी भांडण, पण भांडायची जागा शेजाऱ्याचं अंगण. आता ते भांडण बघायला माणसं कुठे जमली असतील, हे तुम्हीच सांगा.

मी इथे मंत्र्यांना हसत नाही. त्यांची अडचण तीच होती जी आमच्या चुलतभावाची. उलट जास्तच. व्हॉट्सॲपसारखी ॲप फोनमधल्या नंबरांवर चालतात. नव्या जागी गेलात तरी नंबर तुमच्याबरोबर येतात. ट्विटरवर तसं नाही. दहा वर्षं घालून जमवलेले लाखो अनुयायी तिथेच राहतात. नव्या जागी शून्यापासून सुरुवात. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. आठवतंय ना, कंपन्या कशा अचानक गोड बोलायला लागल्या होत्या! समाजमाध्यमांत मात्र कंपनी बदललीत की आपली माणसं मागे राहतात. हे त्या कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये, मस्क यांच्या हाती ट्विटर आल्यावर, तिथले लोक मॅस्टोडॉन या दुसऱ्या समाजमाध्यमाकडे निघाले आणि जाताना आपला नवा पत्ता ट्विटरवर लिहून ठेवू लागले. तर ट्विटरनं पत्ता लिहायलाच बंदी घातली. ओरड इतकी झाली की ती फार टिकली नाही. पण मालकाच्या मनात काय आहे ते दिसलं. भाडेकरू गेला तरी चालेल. तो कुठे गेला हे मागे राहिलेल्यांना कळता कामा नये.

कूची गोष्ट पुढे थोडी ब्राझीलला जाऊन आली. त्याच गडबडीत, २०२२ च्या नोव्हेंबरात, तिथल्या लोकांनी अचानक कूवर झुंबड उडवली. कारण असं की पोर्तुगीज भाषेत या नावाचा उच्चार शरीराच्या ज्या भागाची आठवण करून देतो तो आपण चारचौघांत घेत नाही. थट्टेला आलेली गर्दी. ओसरली.

कूच्या संस्थापकांच्या सांगण्याप्रमाणे भर बहरात त्यांच्याकडे रोज २१ लाख माणसं येत होती. थोडी नाहीत ही. पण ती टिकवायला पैसा लागतो. मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली, फिसकटली. ३ जुलै २०२४ ला कू बंद होत असल्याचं संस्थापकांनी सांगितलं. पिवळ्या पक्ष्याचा हा शेवटचा निरोप त्यांनी दिला लिंक्डइनवर.

[क्षणभर शांतता. मग जुन्या संगणकाचा पंखा, कीबोर्डचा खडखडाट.]

मग काय, कुणी कुठून कधी खरोखर जातच नाही?

जातात. चाळिशीच्या आसपास असाल तर तुम्ही स्वतः गेला आहात. ऑर्कट आठवतं?

फेसबुकच्या आधी आपल्याकडे गाजलेलं समाजमाध्यम. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेलं, गुगलमध्ये काम करणाऱ्या ऑर्कट बुयुक्कोक्तेन या अभियंत्याच्या नावाचं. ब्राझीलनं आणि भारतानं ते डोक्यावर घेतलं. कॅफेत तासावर पैसे मोजून बसायचं, स्क्रॅपबुक, म्हणजे मित्रांचे निरोप यायची वही, उघडायचं, आपल्याकडे कोण डोकावून गेलं ते पाहायचं. मित्रांकडून टेस्टिमोनियल, म्हणजे आपल्याबद्दल चार गोड शब्द, मागून घ्यायचं, चक्क मागून! अनोळखी माणसाचा ‘विल यू डू फ्रेंडशिप विथ मी’. सर्व्हर बसला की ‘नो डोनट फॉर यू’ असा खट्याळ मजकूर यायचा. डोनट म्हणजे काय हे निम्म्या महाराष्ट्राला तिथेच पहिल्यांदा कळलं असेल.

आता एक आकडा सांगतो. मला तो वाचल्यापासून सोडत नाही. जुलै २०१० मध्ये फेसबुकनं भारतात ऑर्कटला मागे टाकलं. कॉमस्कोर या मोजणी करणाऱ्या कंपनीचा हिशोब असा, की त्या महिन्यात फेसबुकवर २ कोटी ९ लाख लोक आले आणि ऑर्कटवर १ कोटी ९९ लाख. पण ज्या महिन्यात ऑर्कट हरलं त्या महिन्यातही त्याच्याकडे येणारे आदल्या वर्षीपेक्षा कमी झाले नव्हते. सोळा टक्क्यांनी वाढले होते.

म्हणजे घर रिकामं झालं नव्हतं. माणसं दोन्हीकडे नांदत होती. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. जुन्या मैत्रिणीच्या स्क्रॅपबुकात ‘फेसबुकवर आलीस का गं?’ एवढं लिहायला का होईना, ऑर्कट उघडत होती. आणि मग एक दिवस उघडायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही. ऑर्कट सोडतो आहे असं कुणी जाहीर केल्याचं मला तरी आठवत नाही. राग नव्हता, धोरण नव्हतं, पेपरात पानभर जाहिरात नव्हती. गुगलनं ३० सप्टेंबर २०१४ ला दार लावलं तेव्हा कित्येकांना धक्का याचा बसला, की ते अजून उघडंच होतं!

माझं मत विचाराल तर फरक इथेच आहे. रागावून निघालेला माणूस उंबरठ्यावर थबकतो. आपण गेल्याचं कुणाला वाईट वाटतंय का, ते त्याला बघायचं असतं, आणि ते बघायला घरातच थांबावं लागतं. खरा जाणारा चप्पल कधी घातली ते सांगत नाही.

याला अपवाद आहेत, नाही असं नाही. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या दैनिकानं नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, आपल्या अधिकृत खात्यांवरून यापुढे काही टाकणार नाही असं जाहीर केलं. पण त्याच निवेदनात हेही होतं, की वाचक आमचे लेख तिथे खुशाल देऊ शकतात आणि आमचे बातमीदार बातमीसाठी ते वापरू शकतात. दुकान हलवलं, बाजारात चक्कर मारायची मुभा ठेवली.

आणि ज्या धोरणावरून २०२१ ची ती पळापळ झाली, त्याचं काय झालं? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्याबद्दल व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आमच्या ग्रुपवर ही बातमी आली. त्याच ग्रुपवर. खाली दोन अंगठे, आणि लगेच कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी.

[पुन्हा फोनचा पडदा. या वेळी आपट्याची पानं.]

सप्टेंबर २०२५. झोहो कंपनीचं ‘अरट्टै’ एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा. ॲप २०२१ पासून होतंच, पण आता स्वदेशीचा गजर झाला, मंत्री बोलू लागले. झोहोचे श्रीधर वेंबू यांनी कळवलं की रोज तीन हजार जण नोंदणी करायचे, ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले. कळवलं एक्सवर.

आमचा चुलतभाऊ अजूनही तोच आहे. दसऱ्याच्या आसपास त्यानं नवा ग्रुप काढला आणि आत यायची लिंक पाठवली, जुन्या ग्रुपवर. मीही आत गेलो. सात जण होतो. पाच वर्षांपूर्वीचा तो दुसरा ग्रुप फोनमध्ये खाली कुठेतरी अजून आहे, उघडून पाहिला. शेवटचा मेसेज माझाच निघाला. ‘कुणी आहे का इथे?’

इकडे जुन्या ग्रुपवर त्या लिंकखाली आत्याचा मेसेज आला होता. आपट्याच्या पानाचं चित्र, ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’, आणि पुढे स्वतः टाइप केलेली ओळ: ‘‘हे निळं काय पाठवलंयस? उघडत नाही. रविवारी जेवायला कोण कोण येतंय ते इथेच सांगा.’’

सतरा जणांनी सांगितलं.