१००४ : एक्सेल नेमकं कशाला नाही म्हणतंय?

मंडळी, आज एकाच एररबद्दल बोलायचं आहे. एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, चालता चालता मध्येच थांबतो, छोटी चौकट येते आणि तिच्यात लिहिलेलं असतं : रन-टाइम एरर १००४, ॲप्लिकेशन-डिफाइन्ड ऑर ऑब्जेक्ट-डिफाइन्ड एरर. वाचून काय बिघडलं ते कळत नाही. कुठे बघायचं तेही कळत नाही. मग माणूस दिसेल ते बदलत सुटतो आणि दुपार जाते.

पण त्या आकड्यात एक धागा आहे. ११ म्हणजे शून्याने भागाकार, १३ म्हणजे टाइप मिसमॅच (चुकीच्या प्रकारची किंमत दिली), ९१ म्हणजे ऑब्जेक्ट सेट न करताच वापरला. या तक्रारी व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्या. १००४ बहुतेक वेळा एक्सेलकडून येतो. भाषेला तुमची ओळ समजली, तिने ती पुढे दिली आणि एक्सेलने ते काम करायला नकार दिला. तेव्हा स्वल्पविराम आणि कंस तपासत बसू नका. त्या क्षणी आपण एक्सेलकडे काय मागितलं, हे शोधायचं.

एक अनुभव सांगते. एका कार्यालयात रोजच्या नोंदी शेवटच्या ओळीखाली टाकणारा मॅक्रो होता. दोन वर्षं बिनतक्रार चालला. वर्ष बदललं, नवी फाइल केली आणि पहिल्याच नोंदीला १००४. कोडला कुणी हात लावला नव्हता. मला फोन येईपर्यंत त्यांनी ऑफिससुद्धा पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलं होतं.

मी आधी 'डीबग' दाबायला सांगितलं. पिवळी झालेली ओळ म्हणत होती : ए१ पासून खाली शेवटच्या भरलेल्या सेलपर्यंत जा, तिथून एक ओळ खाली उतर, तिथे रक्कम लिही. एका ओळीत तीन मागण्या. पिवळा रंग अख्ख्या ओळीला लागतो. त्यातली कुठली मागणी फसली ते तो सांगत नाही. म्हणून ओळ तोडायची. कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो, म्हणजे कोडचा तुकडा लिहून लगेच उत्तर विचारायची खिडकी, उघडली, प्रश्नचिन्ह टाकून फक्त पहिला तुकडा लिहिला, ओळीचा क्रमांक कळावा म्हणून शेवटी 'डॉट रो' जोडलं आणि एंटर मारलं. उत्तर आलं, १०४८५७६.

एक्सेल २००७ पासून शीटमध्ये तेवढ्याच ओळी असतात. नव्या फाइलमध्ये मथळ्याखाली काहीच नव्हतं, म्हणून 'एंड एक्सएल-डाउन'ने थेट तळ गाठला. तिथून आपण आणखी एक ओळ खाली मागत होतो. १०,४८,५७७ वी ओळ नाहीच, तर एक्सेल देणार कुठून? दुरुस्ती एका ओळीची : तळापासून 'एंड एक्सएल-अप'ने वर यायचं. मग मथळा सापडला तरी त्याच्याखालची ओळ बरोबर मिळते. तळाचा आकडा मात्र हाताने लिहू नका, 'रोज डॉट काउंट'ला विचारा, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओळी ६५,५३६ च असतात.

दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण तो लपतो. समजा, 'गोषवारा' नावाची शीट आहे. 'वर्कशीट्स गोषवारा, डॉट रेंज' असं लिहून कंसात 'सेल्स १, १' आणि 'सेल्स २०, ४' दिलेलं असतं. रेंजला शीट सांगितली, सेल्सला सांगितलीच नाही. साध्या मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे कोड लिहायचं पान) अशा सेल्सचा अर्थ, आत्ता समोर उघडी असलेली शीट. गोषवारा समोर असेल तर सगळं सुरळीत. दुसरी शीट समोर असेल तर एका शीटची रेंज दुसऱ्या शीटच्या सेल्सनी आखायला सांगितल्यासारखं होतं, आणि १००४ येतो. चूक शोधायला तुम्ही एफ ८ दाबत एकेक ओळ चालवता, मध्येच बघायला म्हणून गोषवाऱ्यावर क्लिक करता आणि एरर गायब! तेव्हा आधी इमिजिएट विंडोत 'ॲक्टिव्हशीट डॉट नेम' विचारा, क्लिक नंतर. इलाज म्हणजे 'विथ' लावून दोन्ही सेल्सच्या आधी टिंब देणं. ते एवढंसं टिंब राहून गेल्यामुळे वाया गेलेले तास मी पाहिले आहेत, म्हणून इतकं बजावून सांगते.

"माझ्याकडे चालतं, तिच्याकडे नाही" हीही नेहमीची तक्रार. अशा एका मॅक्रोत नव्या शीटला आजच्या तारखेचं नाव दिलं जात होतं. एका संगणकाच्या सेटिंगमध्ये तारखेत आडव्या रेघा होत्या, दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये तिरक्या. शीटच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, आणि नाव ३१ अक्षरांहून लांबही चालत नाही. तारीख 'फॉरमॅट'मधून स्वतः घडवून घेतली की दोन्हीकडे चालतं.

संरक्षित शीटवर लिहिणं तर पटकन लक्षात येतं. स्पेलिंगची चूक मात्र लक्षात येत नाही. व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत साठवायच्या जागेच्या, नावातलं एक अक्षर चुकलं की व्हीबीए गुपचूप नवं रिकामं व्हेरिएबल तयार करतं. ओळ क्रमांकाच्या जागी ते आलं की शून्य धरलं जातं, आणि शून्य क्रमांकाची ओळ एक्सेलमध्ये नसते. मॉड्यूलच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' लिहा. ही चूक मॅक्रो सुरू होण्याआधीच पकडली जाईल.

आता एक कळकळीची विनंती. एरर जात नाही म्हणून वर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (चूक आली तरी पुढच्या ओळीवर जा) लिहून मोकळे होऊ नका. समजा, लूपमध्ये प्रत्येक माणसाचा दर 'वर्कशीटफंक्शन'च्या व्हीलुकअपने, म्हणजे यादीत नाव शोधून त्याच्यासमोरची किंमत आणणाऱ्या फंक्शनने, शोधताय. एकाचं नाव यादीत नाही. एरवी इथे १००४ येऊन मॅक्रो थांबला असता. आता तो थांबत नाही. दराच्या व्हेरिएबलमध्ये नवं काही आलंच नाही, म्हणून आधीच्या माणसाचा दर तसाच राहतो आणि या माणसाच्या ओळीत लिहिला जातो. चौकट नाही, पिवळी ओळ नाही, आकडा मात्र खोटा. त्या आकड्यावर कुणाचा तरी पगार ठरतो. त्यापेक्षा मधला 'वर्कशीटफंक्शन' शब्द काढून 'ॲप्लिकेशन डॉट व्हीलुकअप' लिहा, उत्तर व्हेरियंटमध्ये (कुठल्याही प्रकारची किंमत, एररसुद्धा, साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घ्या आणि 'इझएरर'ने तपासा. न सापडलेली नावं वेगळ्या रकान्यात टाका, म्हणजे कुणीतरी ती बघेल.

शेवटी, फॉर्म वापरणाऱ्यांसाठी. तुमची पिवळी ओळ नेहमी 'युझरफॉर्म डॉट शो' हीच असते आणि त्या ओळीत तर काहीच चुकलेलं नसतं, बरोबर? एरर फॉर्मच्या आतल्या कोडमध्ये असते, पण मूळ सेटिंगमुळे बोलावणारी ओळ दाखवली जाते. कोडच्या खिडकीत टूल्स, ऑप्शन्स, जनरल इथे जाऊन एरर ट्रॅपिंगखाली 'ब्रेक इन क्लास मॉड्यूल' निवडा आणि मॅक्रो पुन्हा चालवा. पिवळा पट्टा फॉर्मच्या आतल्या खऱ्या ओळीवर जाऊन थांबेल.