दुखण्याच्या वाटेवरची सुई

पडद्यावरच्या करड्या चित्रात कमरेचे मणके एकाखाली एक दिसत आहेत आणि एका बाजूने एक काळी रेघ हळूहळू त्यांच्याकडे सरकत आहे. ती रेघ म्हणजे सुई. रुग्ण टेबलावर पालथा झोपलेला आहे, पूर्ण शुद्धीवर आहे, आणि डॉक्टर दर काही क्षणांनी क्ष-किरणांचे चित्र पाहून सुईची दिशा किंचित बदलत आहेत. मणक्यांच्या मागच्या बाजूला फॅसेट नावाचे छोटे सांधे असतात. कमरेतील अशा प्रत्येक सांध्याची संवेदना दोन बारीक नसा पुढे पोहोचवतात. त्या नसांजवळ अर्धा मिलिलिटरपर्यंत भुलीचे औषध सोडायचे, एवढेच आजचे काम आहे. औषधाचा असर काही तासांत उतरेल आणि दुखणे बहुधा परत येईल. तरीही सुई टोचली जाते, कारण आज उपचार करायचेच नाहीत. दुखते ते याच सांध्यातून का, हे ठरवायचे आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. कर्करोगाशी संबंध नसलेल्या अशा वेदनांमध्ये कंबरदुखी आणि मानदुखी आहे, सायटिका म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ आहे, झिजलेला गुडघा आहे, नागीण बरी झाल्यानंतरही मागे राहिलेली आग आहे आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही न गेलेले दुखणे आहे. यांतील पुष्कळ दुखण्यांचे मूळ एमआरआयमध्ये सापडत नाही. ज्यांची कंबर कधी दुखली नाही, अशा माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधल्या झिजलेल्या किंवा फुगलेल्या गाद्या सर्रास आढळतात, त्यामुळे चित्रातील दोष हेच दुखण्याचे कारण असे धरून चालता येत नाही. संशयित सांध्याच्या वेदनेची वाट भुलीच्या औषधाने तात्पुरती बंद करून पाहण्याची कल्पना येथूनच अर्थपूर्ण ठरते.

सुईने वेदना अडवण्याचा प्रयत्न जुना आहे. 1901 मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ सिकार यांनी माकडहाडाजवळच्या वाटेने मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर कोकेन सोडून सायटिकावर उपचार केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी रुग्णालयात काम करणारे भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी जखमी सैनिकांच्या न थांबणाऱ्या वेदना पाहिल्या आणि त्यांच्यावर नर्व्ह ब्लॉकचे, म्हणजे नसेजवळ औषध सोडून तिचे संदेश अडवण्याचे, उपचार केले. वेदनेकडे अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र पाहिले पाहिजे, हा आग्रह त्यांनीच धरला. बोनिका स्वतः व्यावसायिक कुस्तीगीर होते आणि कुस्तीतील दुखापतींनी त्यांना आयुष्यभर छळले, हे येथे सांगितले पाहिजे, कारण वेदनेच्या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्याला ती केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हती.

आता पुन्हा त्या नसांकडे वळू. भुलीच्या औषधाने दुखणे ठळकपणे कमी झाले, तर पुढची पायरी रेडिओफ्रिक्वेन्सीची असते. विशेष सुईचे टोक साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत, एक ते दीड मिनिट तापवतात आणि त्या उष्णतेने नस निकामी होते. परंतु नस पुन्हा वाढते, म्हणून ज्यांना आराम पडतो त्यांनाही तो बहुधा सहा महिने ते वर्षभर मिळतो आणि नंतर प्रक्रिया पुन्हा करावी लागू शकते. भुलीच्या औषधाच्या त्या चाचणीतही एक खोच आहे. सुई टोचल्याचा परिणाम, अपेक्षा आणि विश्रांती यांनीही काही तास बरे वाटू शकते, म्हणून एकाच ब्लॉकवर विसंबल्यास चुकीचे ‘होय’ मिळण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे काही तज्ज्ञ दोन वेळा, निरनिराळ्या मुदतीची औषधे वापरून ब्लॉक देतात. एकदा लिडोकेन, एकदा अधिक काळ टिकणारे ब्युपिव्हकेन, आणि आरामही त्याच प्रमाणात टिकतो का, हे पाहायचे.

मणक्याच्या कालव्यात, म्हणजे मज्जारज्जू आणि नसा ज्यातून जातात त्या पोकळीत, स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यामागचा हेतू वेगळा असतो. गादी सरकून नसेच्या मुळाशी दाह झाला असेल, तर तो कमी करून पायातील कळ सैल करणे, हा तो हेतू. सायटिकामध्ये त्याचा परिणाम सरासरीने थोडा आणि थोड्याच काळाचा असतो, तर मणक्याचा कालवा अरुंद झालेल्यांत तोही संशयास्पद ठरला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा 400 रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइडसह आणि काहींना नुसते भुलीचे औषध दिले. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. जोखीम मात्र राहतेच. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका असतो, आणि क्वचित का होईना, मानेजवळच्या इंजेक्शनांनंतर पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि स्पर्शाचे संदेश ते वेदनेसाठी अंशतः बंद करू शकतात. दोनच वर्षांनी नॉर्मन शीली यांनी त्या कल्पनेवरून माणसाच्या मज्जारज्जूवर विद्युतउत्तेजक, म्हणजे वेदना दडपण्यासाठी सौम्य विद्युतस्पंद देणारे उपकरण, बसवला. आजही असा उत्तेजक कायमचा बसवण्यापूर्वी तात्पुरत्या तारांनी काही दिवस चाचणी घेतात. तथापि 2022 मध्ये नॉर्वेतील 50 रुग्णांच्या चाचणीत विशिष्ट पद्धतीचे उत्तेजन काही महिने चालू आणि काही महिने बंद ठेवले, आणि कोणता काळ कोणता हे रुग्णांना कळू दिले नाही. दैनंदिन कामकाजातील अडचणींत दोन्ही काळांत लक्षणीय फरक दिसला नाही.

2025 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील मार्गदर्शक सूचनेने मणक्याच्या दीर्घकालीन वेदनेसाठी प्रचलित असलेल्या अशा इंजेक्शन आणि रेडिओफ्रिक्वेन्सी प्रक्रियांविरुद्ध ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी तिच्यावर आक्षेप घेतला. भिन्न आजार आणि भिन्न तंत्रे एकाच मापाने मोजली गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. आक्षेपात तथ्य आहे. नीट निवडलेला रुग्ण आणि सरसकट निवडलेला रुग्ण यांचे निकाल सारखे असण्याचे कारण नाही. परंतु नीट निवड म्हणजे काय, हे चाचण्यांतून सिद्ध करण्याची जबाबदारी प्रक्रिया करणाऱ्यांचीच आहे, रुग्णाची नव्हे. शिवाय दुखणे जितके जुने, तितकी मज्जारज्जू आणि मेंदू यांची संवेदनशीलता वाढलेली असू शकते, आणि तेथे एका नसेचा बंदोबस्त अपुरा पडतो. म्हणूनच आराम मिळाला, तर त्या काळात व्यायाम आणि हालचाल वाढवण्यावर भर दिला जातो.

आपला रुग्ण आता टेबलावरून उठला आहे. त्याच्या हातात एक तक्ता आहे, ज्यात त्याने दर तासाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा आहे आणि एरवी ज्या हालचालीने कळ येते ती मुद्दाम करून पाहायची आहे. पहिल्या तासाच्या रकान्यात त्याने ‘3’ लिहिले आहे. आत येताना तो ‘7’ होता. उरलेले रकाने अजून कोरे आहेत.