दोन आणि चार

श्रोतेहो, नमस्कार.

बालमैत्रीण खूप वर्षांनी भेटणार असेल, तर भेटायला रॉक कॉन्सर्टसारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण तिथे बोलता येत नाही. हो, बोलता येत नाही म्हणूनच. एरवी अशी भेट झाली की पहिला अर्धा तास चौकशीतच जातो. नोकरी कुठे, मुलं कितवीत, आईवडील कसे आहेत. माणूस समोर असतो आणि आपण त्याचा फॉर्म भरत बसतो! कॉन्सर्टमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. तिथे चौकशी कोण करणार? दोघी एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात, आणि जुनी ओळख आधी अंगात येते, मग जिभेवर.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कानात इअरप्लग घालून जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. चांगल्या इअरप्लगने गाणं बिघडत नाही, फक्त धार कमी होते. तरुण मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

तर, गाण्यामुळे जुनी मैत्री परत जुळण्याबद्दल. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स इंग्लंडमधल्या डार्टफर्डच्या एकाच प्राथमिक शाळेत होते. मग घरं बदलली, संपर्क तुटला. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये डार्टफर्ड स्टेशनवर दोघं पुन्हा भेटले. जॅगरजवळ चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्ड होत्या, आणि गप्पा जुळल्या त्या रेकॉर्डवरून. पुढच्याच वर्षी, जुलै १९६२ मध्ये, लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोलिंग स्टोन्सचा पहिला कार्यक्रम झाला.

आता माझी गोष्ट.

शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण डावखुरी होती. दोन पट्ट्या घ्यायची आणि बाकावर, कंपासपेटीवर, माझ्या दप्तरावर वाजवत राहायची. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारसुद्धा डावखुरा, पण तो उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमवर वाजवायचा, हे तिला कुठूनसं कळलं होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. तिनेच मला रॉकचा ठेका शिकवला. तुम्हीही मोजा: एक, दोन, तीन, चार. पायाने वाजवायचा मोठा ड्रम बहुतेक वेळा एक आणि तीनवर पडतो. आणि स्नेअर, तो कडक आवाजाचा ड्रम, पडतो दोन आणि चारवर. दोन आणि चार, लक्षात ठेवा. दहावीनंतर तिचं घर बदललं, पत्रं काही काळ आली, मग तीही थांबली.

मग परवाचा तो कॉन्सर्ट. मोकळं मैदान, मी मागच्या बाजूला, साउंड डेस्कजवळ, म्हणजे जिथे बसून आवाज जुळवतात तिथे. गायकाने टाळ्या मागितल्या. आता, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १०० मीटर पुढच्या टाळ्या मागे पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्यात निम्मी गर्दी एक आणि तीनवर टाळ्या वाजवत होती. सगळा गोंधळ! आणि त्या गोंधळात माझ्या डावीकडे कुणीतरी लोखंडी कठड्यावर तळहाताने ठोकत होतं. दोन आणि चार. दोन आणि चार. जराही न हलता. आणि गाण्याची ओळ संपली की मधली जागा भरणारे जलद ठोके डाव्या हातापासून सुरू.

मी मान वळवण्याआधीच ओळखलं. श्रोतेहो, चेहरा दिसायच्या आधी! अंधार होता, केस बदललेले, चष्मा आलेला. पण तो हात तिचाच होता. मी गर्दीतून सरकत तिच्याशेजारी गेले आणि कठड्यावर पायाचा ड्रम वाजवायला लागले: एक आणि तीन. शाळेत ते काम माझं असायचं. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि माझं शाळेतलं टोपणनाव अशी ओरडली की पुढचे लोक वळून बघायला लागले. हातातला ठेका मात्र सोडला नाही. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघी रडत होतो आणि वाजवत होतो. बोललो एक शब्दही नाही.

पौगंडावस्थेतलं आणि विशीतलं आयुष्य माणसाला जास्त ठळक आठवतं, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात. त्या वयातली गाणीही तशीच चिकटतात. माझ्या मते गाण्यापेक्षा, गाणं कुणाबरोबर ऐकलं ते जास्त चिकटतं.

एन्कोर, म्हणजे लोकांच्या आग्रहाखातर शेवटी वाजवलेली गाणी, संपल्यावर बाहेर आलो. आधी ड्रमरबद्दल बोललो, मग बेस गिटारबद्दल, मग गायकाने मधल्या गाण्यात घाई केली त्याबद्दल. नोकरी, मुलं, आईवडील हे सगळं नंतर, गेट बंद व्हायला आलं तेव्हा. तोवर अवघडलेपण उरलंच नव्हतं.

पुढच्या कॉन्सर्टची तिकिटं आम्ही एकत्रच काढली आहेत. तिला साउंड डेस्कजवळच उभं राहायचंय, कारण तिथे आवाज सगळ्यात तोललेला मिळतो. मला अगदी पुढे जायचंय, ड्रमरचे पाय बघायला. फोनवर रोज वाद चालू आहे, आणि दोघींपैकी कुणीच मागे हटलेलं नाही.

नमस्कार.