परळच्या चाळीतला बॅरिस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की डोळ्यांसमोर उभे राहतात ते घटनेचे शिल्पकार, देशाचे पहिले कायदेमंत्री. मला आज बोलायचंय ते परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या, हाती फारसं काम नसलेल्या तरुण बॅरिस्टरबद्दल.

लंडनहून ते १९२३ साली परतले. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. हायकोर्टात बॅरिस्टरकडे ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, यायचं ते सॉलिसिटरच्या, म्हणजे अशिलाशी थेट व्यवहार करणाऱ्या वकिलाच्या हातून, आणि अस्पृश्याला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर धजत नसत. मग मिळतील ती बाहेरगावची कामं करायची. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. सरकारी नोकरीत पगार बांधलेला असतो खरा, पण तोंडही बांधलेलं असतं. त्यांनी वकिलीच धरून ठेवली.

जुलै १९२६ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी ते पुण्याच्या सेशन्स कोर्टात उभे होते, ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचे वकील म्हणून. बदनामीच्या खटल्यात खालच्या कोर्टाने जेधे-जवळकरांना शिक्षा ठोठावली होती. बाबासाहेबांनी मूळावरच बोट ठेवलं: फिर्याद करणाऱ्या या माणसाला फिर्याद करायचा अधिकार तरी पोचतो का? अपिलात आरोपी सुटले. घरात एवढं दुःख असताना त्यांनी ही तयारी कशी केली असेल, या विचाराने मला आजही गलबलून येतं.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच विरोधकांनी दावा लावून कोर्टातून मनाई हुकूम आणला. हजारो माणसं तळ्याकडे निघायला आतुर होती. बाबासाहेब स्वतः या दाव्यात प्रतिवादी. त्यांनी लोकांना थांबवलं. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली, पाण्याला कुणी हात लावला नाही. तो संयम मला पाणी पिण्याइतकाच मोठा वाटतो, कारण परतणाऱ्या प्रत्येकाच्या घशाला कोरड होती.

पुढे दहा वर्षं दावा चालला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आलं नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचं अपील फेटाळलं. चवदार तळं कायद्याने मोकळं झालं.